डिग्रीवर नाव आहे, पण कॅम्पस पाहिलाय का? कलिन्यातला एक दिवस

लोकलमध्ये दाराला लटकून ऐकताय, की रात्री जेवण झाल्यावर गच्चीत फेऱ्या मारताना? काहीही असो, कानात मी आहेच. आज पाहुणा नाही, मुलाखत नाही, नवीन ॲपचा रिव्ह्यू पण नाही. आज मी एकटाच बोलणार आहे, आणि विषय जरा घरचा आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करतो. तुमच्यापैकी किती जणांच्या डिग्रीवर 'मुंबई विद्यापीठ' असं छापलंय? डोंबिवली, कल्याण, विरार, पनवेल, रत्नागिरी, सावंतवाडी, बरेच हात वर झाले असतील. आता दुसरा प्रश्न. त्यातले किती जण त्या विद्यापीठात गेलेत? एखाद्या कागदावर शिक्का घ्यायला जाणं धरायचं नाही हां. तिथे बसून कुणाचं तरी बोलणं ऐकलंय, असं जाणं.

मी नव्हतो गेलो. मी बीटेक, संलग्न ऑटोनॉमस कॉलेजमधून. डिग्रीवर विद्यापीठाचा शिक्का ऐटीत बसलाय. पण चार वर्षांत कलिन्याला गेलो तो एकदाच, काउंटरवर कागद दिला, पावती घेतली, रिक्षा पकडली, विषय संपला. आता गंमत बघा. माझं ऑफिस बीकेसीत आहे. पँट्रीच्या खिडकीतून उत्तरेला बघितलं, की काचेच्या बिल्डिंगांच्या मागे झाडांचा एक हिरवा पट्टा दिसतो आणि त्याच्यावरून विमानं खाली उतरत असतात. तीन वर्षं मी कॉफी पीत तो पट्टा बघत होतो. ते विद्यापीठ आहे, हे मला गेल्या वर्षी कळलं. तेही मावशीचा फोन आला म्हणून.

मावशी गुहागर तालुक्यात असते. तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण. घरात सगळे तिला 'बाय' म्हणतात, मी पण इथे बायच म्हणतो. बाय बीए झाली, मार्क चांगले. मावशीचं म्हणणं होतं, आता चिपळूणला एका ऑफिसात ओळखीने नोकरी मिळतेय, ती धरावी. नाहीतर मुंबईला येऊन कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करावा. आणि बाय म्हणत होती, मला समाजशास्त्रात एमए करायचंय, आणि ते कलिन्यालाच करायचंय.

मावशी मला फोनवर म्हणाली, "तू सांग तिला. तुझं ऐकते ती. एमए करून काय मिळणार आहे, हे तूच नीट समजाव. तुझ्यासारखं काहीतरी करूं दे तिला."

आणि खरं सांगतो, मला ते काम सोपं वाटलं. आमच्या घरात मी 'सेट झालेला' मुलगा. माझ्या डोक्यात गणित तयारच होतं. दोन वर्षं, त्यानंतर पगार किती, नोकऱ्या किती, बास. मी बायला म्हटलं, "ये शनिवार-रविवार धरून, शुक्रवारी सुट्टी काढतो, आपण कॅम्पस बघून येऊ." मनात असं, की एकदा बघितलं की तिचं तिलाच कळेल.

तर त्या शुक्रवारची ही गोष्ट. पण मध्ये मध्ये मी इतिहास सांगणार आहे, कारण त्या दिवसानंतर मी बरंच वाचत बसलो, आणि ते वाचल्याशिवाय ही जागा कळत नाही.

सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकलने कुर्ला. तिथून वेस्टला बाहेर पडून सांताक्रूझला जाणारी ३१३ नंबरची बस. बस सीएसटी रोडने जाते. तुम्हाला काय वाटतं, सीएसटी म्हणजे काय? मला आयुष्यभर वाटायचं छत्रपती शिवाजी टर्मिनस. तसं नाही बरं का! सेंट्रल सॉल्सेट ट्रामवे. साष्टीला इंग्रज सॉल्सेट म्हणायचे. १९२८ साली ट्रॉम्बे ते अंधेरी अशी एक रेल्वेलाईन सुरू झाली होती, कुर्ल्यावरून जाणारी. १९३४ मध्ये ती बंद पडली. लाईन गेली, रस्त्याला नाव राहिलं. विद्यापीठाचा पत्ता लिहिताना आपण जे सीएसटी रोड लिहितो, ते एका मेलेल्या रेल्वेचं नाव आहे.

आणि कलिना तरी काय होतं? जुन्या नोंदींमध्ये गावाचं नाव कोळे कल्याण. शेतं, मिठी नदीचा काठ, ईस्ट इंडियन लोकांची गावठाणं. ती घरं, ते क्रूस अजून आहेत, बसच्या खिडकीतून दिसतात. अशा उपनगरातल्या जमिनीवर मुंबईने आपलं विद्यापीठ का आणून ठेवलं? यासाठी थोडं मागे जावं लागतं.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास. तिन्हींचा नमुना लंडन विद्यापीठाचा. आणि त्या नमुन्यात विद्यापीठ शिकवत नसे! शिकवणार कॉलेजं, म्हणजे एल्फिन्स्टन, पुण्याचं डेक्कन वगैरे. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आमच्या भाषेत बोलायचं तर कोड कुठेही लिहा, टेस्टिंग आणि सर्टिफिकेट आमच्याकडे. १८६२ साली पहिले बीए बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

अशा विद्यापीठाला जागा किती लागणार? ऑफिस, हॉल आणि ग्रंथालय. फोर्टमधली ती सुंदर इमारत तेवढ्यासाठीच आहे. प्रेमचंद रायचंद यांनी २ लाख रुपये दिले आणि १८७८ साली राजाबाई टॉवर पूर्ण झाला. प्रेमचंदांच्या आईचं नाव राजाबाई. २०१८ मध्ये त्या सगळ्या परिसराला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. फोटो काढायला आपण तिथेच जातो. पण तिथे वर्ग फारसे नव्हते, हे लक्षात ठेवा.

आणि या विद्यापीठाचा पसारा किती होता माहितीये? एकेकाळी सिंधपासून धारवाडपर्यंत. सिंध वेगळं झालं १९४७ मध्ये, पुणे, गुजरात, कर्नाटक, बडोदा ही विद्यापीठं १९४९ मध्ये सुरू झाली. गोव्यातली कॉलेजंसुद्धा १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईलाच जोडलेली होती. आज मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सात जिल्हे, आणि सातशेच्या वर कॉलेजं. म्हणजे बाय गुहागरमध्ये राहून, कोकणातल्या कॉलेजात शिकून तीन वर्षं मुंबई विद्यापीठाची विद्यार्थिनी होतीच. फक्त तिने ते कधी बघितलं नव्हतं. मी डोंबिवलीत राहून बघितलं नव्हतं, तर तिचं काय घेऊन बसलात!

मग विद्यापीठ स्वतः शिकवायला कधी लागलं? १९०४ च्या कायद्याने तशी मुभा मिळाली, आणि १९१९ मध्ये मुंबईत समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. भारतातल्या अगदी पहिल्यांपैकी. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे. मूळचे जीवशास्त्रज्ञ, आणि काम नगररचनेचं. शहर कसं वाढतं, हा ज्याच्या आवडीचा प्रश्न, त्याच्या हातून मुंबईत समाजशास्त्र सुरू झालं. त्यांच्यानंतर १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये. आपल्या सिंधुदुर्गातल्या मालवणचे. ते १९५९ पर्यंत विभागात होते, आणि त्यांच्या हाताखालून कोण कोण गेलं बघा. इरावती कर्वे, 'युगान्त' लिहिणाऱ्या, त्यांनी १९२८ मध्ये घुर्यांकडेच एमए केलं. एम. एन. श्रीनिवास. ए. आर. देसाई. अर्थशास्त्रात सी. एन. वकील, पुढे पी. आर. ब्रह्मानंद.

शिकवायचं म्हटलं की वर्ग लागतात, प्रयोगशाळा लागतात, पुस्तकांना जागा लागते, पोरांना हॉस्टेल लागतं. फोर्टमध्ये हे कुठे मावणार? म्हणून स्वातंत्र्यानंतर सांताक्रूझ पूर्वला कलिन्यात जमीन घेतली गेली, साधारण २४० एकर, आणि पुढे एकेक विभाग तिकडे गेला. नाव ठेवलं विद्यानगरी. १९७१ मध्ये विद्यापीठाचं दूरशिक्षण सुरू झालं, ज्याला आपण सगळे 'आयडॉल' म्हणून ओळखत आलो. नोकरी करता करता शिकणारे किती लोक तिथून गेले असतील! १९८४ मध्ये गरवारे इन्स्टिट्यूट. २००७ मध्ये अणुऊर्जा विभागाबरोबर मूलभूत विज्ञानाचं केंद्र, जिथे बारावीनंतर सरळ पाच वर्षांची एमएस्सी करता येते. नाट्यशिक्षणाची अकादमी आहे, लोककलेची अकादमी आहे. एकाच गेटच्या आत एका बाजूला नॅनोटेक्नॉलॉजी आणि दुसरीकडे ढोलकी. आणि मधोमध जवाहरलाल नेहरू ग्रंथालय.

मधल्या काळात बाहेरचं उपनगरही वाढत गेलं. १९७५ मध्ये एमएमआरडीए आलं, मिठीच्या काठच्या खाजणावर बीकेसी उभं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तेव्हा मिठीने हा सगळा भाग पाण्याखाली घातला. २०१४ मध्ये सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो तीन. आज त्या भागात चौरस फुटाचा भाव विचारायची सोय नाही. आणि त्या सगळ्याच्या मधे २४० एकर, जिथे झाडाखाली बसून पोरं नोट्स काढतायत.

चला, आता परत शुक्रवारकडे.

गेटमधून आत गेलो. पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे आवाज कमी झाला. मग डोक्यावरून विमान गेलं आणि सगळं परत भरून आलं. बाय हसायला लागली. म्हणाली, "दादा, इथे शिकवताना मध्येच थांबावं लागत असेल ना?" तेव्हा मला नाही कळलं, पण तिने मनात तिथे बसायला सुरुवातही केली होती.

थोडं पुढे परीक्षा भवन. महात्मा ज्योतिराव फुले भवन. तिथे फाइली घेतलेली पोरं, पालक, कुणी फोनवर 'हो सर, जमा केलं सर' करतंय. ही माझ्या ओळखीची जागा, १८५७ सालचं विद्यापीठ. सातशे कॉलेजांच्या परीक्षा आणि निकाल, हे ओझं केवढं असेल विचार करा. २०१७ आठवतंय? त्या वर्षी विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका एकदम स्क्रीनवर तपासायचं ठरवलं. निकाल महिनोन् महिने रखडले, पोरांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. आमच्या धंद्यात हा किस्सा हमखास निघतो. एवढी मोठी सिस्टीम एका दिवसात सगळ्यांवर लावायची नसते, आधी एका छोट्या गटावर चालवून बघायची. पण बाहेरच्याला त्यातून विद्यापीठ म्हणजे निकालाचा गोंधळ, एवढंच कळलं. मलाही तेवढंच माहीत होतं.

परीक्षा भवन ओलांडून आम्ही समाजशास्त्राच्या विभागाकडे गेलो. तिथे एक मॅडम भेटल्या. बायने घाबरत घाबरत सांगितलं, की प्रवेश घ्यायचा विचार आहे, बघायला आलोय. त्या म्हणाल्या, "आता लेक्चर आहे माझं. मागे बसायचं असेल तर बसा. फोन मात्र बंद."

फोन बंद. मी! शुक्रवारी सकाळी! पण बसलो.

वर्गात पंचवीस-तीस जण असतील. माझ्या इंजिनीअरिंगच्या वर्गापेक्षा कितीतरी कमी. विषय होता स्थलांतर. मॅडम अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठी-हिंदीत बोलत होत्या. त्यांनी विचारलं, "मुंबईत गिरणीत कामाला कोकणातून पुरुष आले, कुटुंबं गावाला राहिली, हे आपण वाचलं. आज गिरण्या नाहीत. मग हे थांबलं का?" एक मुलगा म्हणाला, आता सगळं कुटुंबच शहरात येतं. मॅडमनी मान हलवली, आणि मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कुठून आलात?"

बाय उभीच राहिली. गावच्या शाळेतली सवय. म्हणाली, "गुहागर तालुका, मॅडम." आणि मग थांबलीच नाही. म्हणाली, आमच्या वाडीत निम्म्या घरांना वर्षभर कुलूप असतं, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. चाकरमानी येतात. पण त्यांच्या घराची किल्ली, कलमांची राखण, घरपट्टी भरणं, म्हातारं माणूस आजारी पडलं तर डॉक्टरकडे नेणं, हे सगळं गावात राहिलेल्या बायका करतात. माझी आई तीन घरांचं बघते. पैसे कुणी देत नाही. देतात ते साडी देतात गणपतीत. आणि वाडीच्या मीटिंगला निर्णय होतात ते मुंबई मंडळाच्या मताने, कारण वर्गणी तिकडून येते. बायका मागे बसतात.

वर्ग शांत. एक-दोघांनी लिहून घेतलं. मॅडमनी विचारलं, "तुमची आई याला काम म्हणते का?"

बाय जरा थांबली. म्हणाली, "नाही. ती म्हणते, लक्ष ठेवते."

मॅडम फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी लिहिलं, 'लक्ष ठेवणं'. त्याच्याखाली रेघ मारली. पुढची वीस मिनिटं त्या दोन शब्दांवर चर्चा झाली. कुणी साताऱ्याचं सांगितलं, कुणी उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावचं. कशाला काम म्हणायचं, ते कोण ठरवतं, सर्व्हेच्या फॉर्ममध्ये अशी बाई कुठल्या रकान्यात बसते.

मंडळी, मी दर मे महिन्यात मावशीकडे गेलोय. तिच्या कमरेला त्या किल्ल्यांचा जुडगा मी लहानपणापासून बघितलाय. आम्ही पोरं त्या किल्ल्या वाजवत खेळायचो. मला कधीही, एकदाही प्रश्न पडला नाही, की ह्या किल्ल्या कुणाच्या आहेत आणि हिच्याकडे का आहेत. बायला पडला होता. मी जिला समजवायला घेऊन आलो होतो, तिला.

आता इथे गोष्ट संपवली तर छान वाटेल. पण मग मी तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. कारण त्यानंतर आम्ही कँटीनला गेलो.

कँटीनमध्ये चहा घेताना त्याच वर्गाबाहेर भेटलेला एक पीएचडी करणारा दादा आमच्या टेबलावर आला. बायच्या बोलण्याचं कौतुक केलं. मी त्याला सरळ विचारलं, "पुढे काय? नोकरीचं काय?" तो पण सरळ बोलला. सेट पास आहे. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे. सुट्टीचे नाहीत, पेपर तपासायला बसलात तरी त्या वेळेचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. वय चौतीस. म्हणाला, "कायम जागा निघायची वाट बघतोय. घरी विचारतात, तू नक्की करतोस काय? मी सांगतो, शिकवतो. ते म्हणतात, मग पगार का नाही?"

बायचा चहा तसाच राहिला.

मी तिला म्हटलं, "ऐकलंस ना?" आणि त्या क्षणी माझ्या आवाजात जो विजय होता ना, त्याची मला अजून लाज वाटते.

ती म्हणाली, "ऐकलं. पण दादा, तू सगळ्यात आधी परतावा विचारतोस. तू इंजिनीअरिंगला गेलास तेव्हा काकांनी कर्ज काढलं. तुझ्या वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली नाही पहिल्या वर्षी? तेव्हा कुणी म्हणालं का, इंजिनीअरिंग करू नका म्हणून?"

मला उत्तर नव्हतं. आमच्या बॅचमधले बरेच जण वर्ष-दीड वर्ष घरी होते. आम्ही त्याला 'मार्केट खराब आहे' म्हटलं. तेच एमएवाल्याचं झालं की आपण म्हणतो 'विषय खराब आहे'.

नंतर आम्ही ग्रंथालयात गेलो. वाचायला बसलेल्यांतले कितीतरी जण एमपीएससी-यूपीएससीची पुस्तकं घेऊन बसले होते. एका बाजूला जुन्या प्रबंधांची माहिती मिळाली. कुणीतरी दोन-चार वर्षं एका वाडीत, एका चाळीत, एका बाजारात घालवून लिहिलेलं सगळं. मी आयुष्यात इतका कोड लिहिलाय, त्यातला तीन वर्षांपूर्वीचा आज कुठेही चालू नाही. इथे पन्नास वर्षांपूर्वी कुणी लिहिलेलं अजून कुणीतरी मागून घेतं आणि त्याच्याशी भांडतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ह्या एका कंपाउंडमध्ये दोन विद्यापीठं आहेत. एक परीक्षा घेणारं, १८५७ चं. त्याचे विद्यार्थी लाखो, आणि बहुतेकांनी गेट बघितलेलं नाही. दुसरं शिकवणारं, १९१९ चं. त्याचे विद्यार्थी त्या मानाने मूठभर. पहिल्याचा गोंधळ झाला की पेपरात येतं. दुसऱ्यात चांगलं काही झालं तर ते एखाद्या फळ्यावर दोन शब्द लिहून संपतं, आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला असतो. आपण पहिल्यावरून दुसऱ्याची किंमत ठरवतो. मी तरी तेच केलं होतं.

रविवारी रात्री मावशीला फोन केला. आधी ठरवलेलं भाषण बाजूला ठेवलं. जे बघितलं ते दोन्ही सांगितलं. तासिका तत्त्व सांगितलं, चौतीस वर्षांचा दादा सांगितला. मग म्हटलं, सहाय्यक प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएबरोबर नेट किंवा सेट लागेल, त्याची तयारी पहिल्या वर्षापासून करावी लागेल. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर थांबायचं असेल तर पदव्युत्तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, म्हणजे वर्ष वाया नाही. फील्ड प्रोजेक्ट किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा आता अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्यातून संस्थांमध्ये ओळखी होतात. आणि फी? मावशी, माझ्या हातातल्या फोनच्या किमतीत दोन वर्षं होऊन पैसे उरतील. राहायला आमचं घर आहे, आई कधीपासून म्हणतेय.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वर्गात काय बोलली म्हणे ती?"

मी सांगितलं. किल्ल्यांचं, साडीचं, 'लक्ष ठेवणं' फळ्यावर लिहिल्याचं.

मावशी म्हणाली, "माझं नाव नाही ना घेतलं?"

"नाही गं, आई म्हणाली फक्त."

"बरं." परत गप्प. "साडीचं सांगायला नको होतं. लोकांना वाटेल आम्ही मागतो." आणि मग, "येऊं दे तिला. पण एक वर्ष बघू. नंतरचं नंतर."

तर मंडळी, बाय आता दुसऱ्या सेमिस्टरला आहे. रोज डोंबिवली-कुर्ला, कुर्ला-कलिना, आणि परत. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास जातात. पावसात तर विचारू नका. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी वाचनाने तिचा घाम काढला, एकदा रडलीसुद्धा. एका पेपरात मार्क कमी आले. नेटची तयारी सुरू आहे, पुढे काय होईल सांगता येत नाही. वर्षाच्या शेवटी मावशी परत फोन करणार, आणि मला परत बोलावं लागणार. तेव्हा काय बोलेन, माझं ठरलेलं नाही.

पण एवढं सांगतो. गेल्या महिन्यात तिने प्रोजेक्टसाठी प्रश्नावली केली आणि पहिली मुलाखत फोनवर मावशीचीच घेतली. मी शेजारी बसलो होतो. पहिला प्रश्न होता, "तुम्ही किती घरांच्या किल्ल्या सांभाळता?" मावशी म्हणाली, "तीन." मग म्हणाली, "थांब हां, लिहू नको. मोजते." आणि मोजून आली. पाच होत्या.

तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या डिग्रीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे, कलिना असो, पुण्याचं गणेशखिंड असो, कोल्हापूर असो, संभाजीनगर असो, एक दिवस काढून तिथे जा. काउंटरला नाही, एखाद्या विभागात. शिक्षकांना विचारा, मागे बसू का म्हणून. जास्तीत जास्त नाही म्हणतील. आणि तुमच्या घरात कुणी 'मला हे शिकायचंय' म्हणत असेल, तर पगाराचा प्रश्न जरूर विचारा, तो खोटा प्रश्न नाही. फक्त तो पहिला विचारू नका. पहिला प्रश्न असा विचारा, की तुला तिथे जाऊन नक्की काय शोधायचंय? त्याचं उत्तर ऐकायला वेळ काढा. मला एक शुक्रवार लागला.

माझं म्हणणं चुकीचं वाटत असेल तर तेही कळवा. विशेषतः तासिका तत्त्वावर शिकवणारं कुणी ऐकत असेल, तर तुमची बाजू एका पूर्ण भागात ऐकायची आहे मला. व्हॉइस नोट पाठवा, नाव नको असेल तर नाव घेणार नाही.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि दाराला लटकून ऐकत असाल तर एक कान बाहेर ठेवा. काळजी घ्या!